अमरावतीचा जितेश शर्मा दहा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता, तरी तो कुणाला दिसला का नाही?

अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. मोर्शी तालुक्यातलं हे गाव. लीळाचरित्र हा मराठीतला पहिला गद्य ग्रंथ तेराव्या शतकात इथंच तयार झाला. पण कित्येक शतकं मराठी माणसालाच त्याचा पत्ता नव्हता. कारण महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये जपून ठेवले होते. पोथ्या मठांमध्ये होत्या, बाहेरच्यांना वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीचं कोडं सुटलं आणि मराठीचा इतिहासच मागं सरकला. २०२४ ला याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ मिळालं.

थोडक्यात काय, तर गोष्ट समोर असते, वाचणाऱ्याला लिपी येत नसते.

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. इथं पोथी नाही, स्कोअरकार्ड आहे. पण भानगड तीच आहे.

अमरावतीचा जितेश शर्मा २०१४ पासून विदर्भाच्या सिनियर टीमकडून खेळत होता. आयपीएलमध्ये पहिली मॅच खेळायला मिळाली २०२२ ला. तेव्हा वय होतं २८. त्यानंतर अडीच वर्षांत त्याची किंमत २० लाखांवरून ११ कोटींवर गेली, आणि ज्या टीमला १७ सीझन ट्रॉफी मिळाली नव्हती, त्या टीमच्या पहिल्या ट्रॉफीत त्याचा मोठा वाटा राहिला. आणि हे सगळं झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये वर्ल्ड कपच्या टीममधून त्याचं नाव गायब झालं.

मग प्रश्न पडतो, की हा गडी इतकी वर्षं दिसला का नाही? आणि दिसल्यावरही टीममध्ये टिकला का नाही? दोन्हीचं उत्तर जवळपास एकच आहे.

क्रिकेट सुरू झालं ते मार्कांसाठी

अमरावती हे खेळाचं शहर आहे, पण ते क्रिकेटसाठी ओळखलं जात नाही. इथली ओळख म्हणजे १९१४ ला सुरू झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथं जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मल्लखांब, खो-खो, कबड्डी, कुस्ती हे इथलं बाळकडू. क्रिकेटचं सगळं केंद्र मात्र नागपुरात. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं ऑफिस तिथं, जामठ्याचं स्टेडियम तिथं, निवड समितीची बैठक तिथं. अमरावती ते नागपूर अंतर साधारण १५० किलोमीटर.

२२ ऑक्टोबर १९९३ ला जन्मलेल्या जितेशलाही क्रिकेटर व्हायचं नव्हतं. त्याला एअर फोर्समध्ये जायचं होतं. त्यानेच मुलाखतीत सांगितलंय, की राज्य पातळीवर खेळलं तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव मार्क मिळतात, म्हणून तो शाळेच्या क्रिकेट टीमकडे वळला. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या पोरांना खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचा हा परिणाम. गडी मार्कांसाठी आला आणि विकेटकीपर होऊन बसला.

विदर्भासाठी ही गोष्ट नवीन नाही. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव आधी सैन्यात आणि पोलिसात भरती व्हायला निघाला होता. ते जमलं नाही आणि २०११ मध्ये तो टेस्ट खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. इकडच्या पोरांसाठी खेळ म्हणजे आधी नोकरीचा रस्ता असतो. स्टार होणं वगैरे नंतरच्या गोष्टी.

सुरुवात तर दणक्यात झाली होती

लोकांना वाटतं जितेश अचानक कुठूनतरी उगवला. तसं अजिबात नाही.

२०१२-१३ ला १९ वर्षांखालच्या कूचबिहार ट्रॉफीत त्याने १२ इनिंगमध्ये ५३७ रन काढले. त्या जोरावर फेब्रुवारी २०१४ मध्ये विजय हजारे ट्रॉफीत विदर्भाच्या सिनियर टीमकडून पदार्पण झालं. ऑक्टोबर २०१५ मध्ये रणजी पदार्पण. आणि त्याच सीझनच्या सय्यद मुश्ताक अली ट्रॉफीत, म्हणजे देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धेत, ३४३ रन. एक शतक, दोन अर्धशतकं, स्ट्राइक रेट १४३. स्पर्धेत सगळ्यात जास्त रन काढणाऱ्यांच्या यादीत तो तिसरा होता.

वय २२. कीपर आहे, ओपनिंग करतो, शतक मारतो. साहजिकच आयपीएलचं दार उघडलं. मुंबई इंडियन्सने १० लाखांत त्याला घेतलं.

आणि गाडी तिथंच थांबली.

मुंबईकडे तेव्हा पार्थिव पटेल होता, जोस बटलर होता. टीममध्ये कीपर एकच लागतो. बॉलर दुखावला की दुसरा बॉलर येतो, बॅट्समन फॉर्मात नसला की दुसरा येतो. कीपरच्या मागे उभा असलेला कीपर मात्र पूर्ण सीझन नेटमध्ये घालवतो. मुंबईने २०१७ ची ट्रॉफी जिंकली, जितेशला एकही मॅच मिळाली नाही. त्यानंतर २०१८ ते २०२१ असे चार सीझन त्याच्या नावापुढे कुठल्याच टीमचं नाव नव्हतं.

मग विदर्भात काय चाललं होतं?

हा काळ विदर्भ क्रिकेटचा सुवर्णकाळ होता. २०१७-१८ ला पहिल्यांदा रणजी जिंकली, २०१८-१९ ला परत जिंकली. ज्या टीमला कुणी मोजत नव्हतं, ती देशात एक नंबर झाली.

पण त्या यशात जितेशची जागा नव्हती. २०१७-१८ च्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध १३३ रन ठोकून अक्षय वाडकरने कीपरची जागा पक्की केली. पुढं तोच कॅप्टन झाला आणि २०२४-२५ ला त्याच्याच नेतृत्वात विदर्भाने तिसरी रणजी जिंकली. जितेशच्या नावावर दहा वर्षांत २० प्रथम श्रेणी मॅचही झाल्या नाहीत.

आता यात कुणाची चूक काढायची? वाडकरने शतकं मारली, त्याला खेळवलं. यात अन्याय काही नाही. पण आपल्याकडे निवडीची नजर अनेक वर्षं रणजीवर खिळलेली होती. रणजीत हजार रन काढणारा पेपरात छापून येतो. मुश्ताक अलीत सातव्या ओव्हरनंतर येऊन १२ बॉलमध्ये ३० मारणारा कुणाच्या लक्षात राहत नाही. बेरीज केली तर त्याचे रन कमीच भरतात.

त्याने मधल्या काळात आपलं काम बदललं. ओपनिंग सोडून खालच्या क्रमांकावर, मॅच संपवायच्या वेळी येऊन फटकेबाजी करायला लागला. २०२१-२२ च्या मुश्ताक अलीत याचा परिणाम दिसला. जितेशने २१४ रन काढले, स्ट्राइक रेट होता २३५. म्हणजे फक्त ९१ बॉल खेळून २१४ रन. १८ सिक्स. सहा वर्षांपूर्वीच्या ३४३ रनांपेक्षा हे १२९ रन कमी आहेत. पण भाव खाऊन गेले हेच. कारण आता विचारणारा प्रश्न बदलला होता. 'किती रन काढले?' याऐवजी 'किती बॉलमध्ये काढले?' असं टीमवाले विचारायला लागले होते.

फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात पंजाब किंग्जने त्याला २० लाखांत घेतलं.

२० लाख वसूल व्हायला एक मॅच लागली

३ एप्रिल २०२२, चेन्नईविरुद्ध ब्रेबॉर्नवर पदार्पण. १७ बॉलमध्ये २६ रन, तीन सिक्स. नंतर कीपिंग करताना धोनीच्या बॅटची कड लागल्याचं त्याने ऐकलं, कॅप्टन मयंक अग्रवालला रिव्ह्यू घ्यायला भाग पाडलं आणि धोनी आऊट निघाला. पहिल्याच मॅचमध्ये नवख्या कीपरने कॅप्टनला पटवलं, यातच त्याचा आत्मविश्वास कळतो.

त्या सीझनला १२ मॅचमध्ये २३४ रन, स्ट्राइक रेट १६३. पुढच्या सीझनला १४ मॅचमध्ये ३०९ रन, स्ट्राइक रेट १५६. २०२३ च्या त्या पंजाबच्या टीममध्ये अकोल्याचा अथर्व तायडेही होता. वऱ्हाडातली दोन पोरं एकाच आयपीएल टीमच्या बॅटिंग ऑर्डरमध्ये, हे आधी कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

जानेवारी २०२३ ला संजू सॅमसन दुखावला म्हणून जितेशला भारतीय टीममध्ये बोलावणं आलं. पण प्रत्यक्ष पदार्पण झालं ३ ऑक्टोबर २०२३ ला, हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये नेपाळविरुद्ध. भारताला तिथं गोल्ड मेडल मिळालं. डिसेंबरमध्ये रायपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १९ बॉलमध्ये ३५ मारून रिंकू सिंगसोबत त्याने इनिंग सावरली.

२०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप सहा महिन्यांवर होता. कीपरची जागा मोकळी होती. सगळं जुळून येत होतं.

आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये गडी फसला. १४ मॅच, १८७ रन, स्ट्राइक रेट १३१. वर्ल्ड कपला ऋषभ पंत आणि संजू सॅमसन गेले. पंजाबने त्याला रिटेनही केलं नाही.

मग ११ कोटी कुठून आले?

नोव्हेंबर २०२४, जेद्दाहचा लिलाव. जितेशची बेस प्राइस १ कोटी. आरसीबीची बोली ७ कोटींपर्यंत पोहोचली. तेव्हा पंजाबने राइट टू मॅच कार्ड काढलं. म्हणजे जुन्या टीमला तेवढेच पैसे देऊन आपला खेळाडू परत घेता येतो. पण त्या वर्षी नियम असा होता, की कार्ड वापरल्यावर समोरच्या टीमला बोली आणखी एकदा वाढवायची संधी मिळेल. आरसीबीने थेट ११ कोटी सांगितले. पंजाबने हात वर केले.

सोशल मीडियावर तेव्हा टिंगल झाली. १८७ रन काढणाऱ्याला ११ कोटी? आरसीबी म्हणजे आरसीबीच, वगैरे.

पण आरसीबीला त्याची बेरीज नको होती. दिनेश कार्तिक नुकताच रिटायर झाला होता आणि त्यांचा मेंटॉर, बॅटिंग कोच झाला होता. त्यांना कार्तिकच्याच कामाचा माणूस हवा होता. कीपिंग करणारा, सहा-सात नंबरला येणारा, मॅचमध्ये दहा-पंधरा बॉल मिळतील हे मान्य करणारा. असा भारतीय खेळाडू शोधायला गेलं तर यादी फार लहान आहे. आणि आयपीएलमध्ये परदेशी खेळाडू चारच खेळवता येतात, त्यामुळे हे काम करणारा भारतीय मिळाला की त्याची किंमत वाढते. ११ कोटी हे त्या टंचाईचे पैसे होते.

जगात दुसरीकडेही हेच घडतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. बॉल कुणाकडे फेकायचा हे तोच ठरवतो. सात सुपर बाउल जिंकलेला टॉम ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ व्या नंबरला निवडला गेला होता. ब्रॉक पर्डी तर २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा खेळाडू. दोन वर्षांच्या आत तो सुपर बाउल खेळला. निवड करणारे उंची, धावण्याचा वेग, हाताची ताकद मोजत बसले. गर्दीत उभं राहून शांत डोक्याने निर्णय घेणं कुठल्या टेपने मोजणार?

२७ मे २०२५, लखनऊ

जितेशचं नाव घराघरात पोहोचलं ते या रात्री.

आरसीबीला पॉइंट टेबलवर पहिल्या दोनात यायचं होतं. रजत पाटीदार बोटाच्या दुखापतीमुळे फक्त इम्पॅक्ट प्लेअर म्हणून खेळत होता, त्यामुळे कॅप्टनसी जितेशकडे. समोर पंतने ६१ बॉलमध्ये नाबाद ११८ मारले. लखनऊ २२७. आरसीबीने आयपीएलमध्ये एवढा मोठा स्कोअर कधीच चेस केला नव्हता.

विराट कोहली ५४ करून गेला तेव्हा स्कोअर ४ बाद १२३. बारावी ओव्हर चालू होती. जितेश आला.

मध्येच तो कॅच देऊन बसला होता, पण तो नो-बॉल निघाला. नंतर नॉन-स्ट्रायकरला क्रीज सोडली म्हणून दिग्वेश राठीने त्याच्या बेल्स उडवल्या, पण पंतने अपील मागं घेतलं. नशीब होतंच. पण ३३ बॉलमध्ये नाबाद ८५, आठ फोर, सहा सिक्स हे काही नशिबाने होत नाही. मयंक अग्रवालसोबत ४५ बॉलमध्ये नाबाद १०७ ची पार्टनरशिप. होय, तोच मयंक, ज्याला त्याने तीन वर्षांपूर्वी रिव्ह्यू घ्यायला लावला होता. १८.४ ओव्हरमध्ये मॅच खल्लास.

३ जूनला अहमदाबादला फायनल. समोर पंजाब किंग्ज, ज्यांनी त्याला सोडलं होतं. जितेशने १० बॉलमध्ये २४ काढले. आरसीबी १९०, पंजाब १८४. फरक सहा रनचा. सीझन १८ वा, ट्रॉफी पहिली.

आता पूर्ण सीझनचा हिशोब बघा. त्या आयपीएलची ऑरेंज कॅप साई सुदर्शनला मिळाली, ७५९ रन. कोहलीचे ६५७. जितेशचे २६१. नुसती यादी चाळली तर याचं नाव खूप खाली सापडेल. पण स्ट्राइक रेट १७६. सहा रनांनी जिंकलेल्या फायनलमधून ते २४ रन वजा करून बघा, म्हणजे कळेल.

एवढं करूनही वर्ल्ड कपमधून बाहेर का?

ऑगस्टमध्ये आशिया कपसाठी त्याची निवड झाली. भारत जिंकला, पण जितेशला एकही मॅच मिळाली नाही. तेव्हा शुभमन गिल ओपनर म्हणून परत आला होता आणि त्यामुळे सॅमसन खाली सरकला होता. मग टीमला वाटलं, कीपर खालीच खेळणार असेल तर खाली खेळायची सवय असलेलाच का नको? २ नोव्हेंबरला होबार्टला सॅमसनच्या जागी जितेश आला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३ बॉलमध्ये नाबाद २२ करून मॅच संपवली. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सिरीजमध्येही तो खेळला. दोहाच्या रायझिंग स्टार्स स्पर्धेत भारत अ टीमचा कॅप्टनही तोच होता.

वाटलं, जागा पक्की झाली.

२० डिसेंबर २०२५ ला अजित आगरकरांच्या निवड समितीने वर्ल्ड कपची टीम जाहीर केली. सगळी चर्चा गिलला वगळल्याची झाली. पण गिलचं नाव निघालं आणि त्याचा थेट फटका जितेशला बसला. कारण गिल गेल्यावर सॅमसन परत ओपनिंगला. मग पर्यायी कीपरही वरच्या क्रमांकावर खेळणारा हवा, असा हिशोब मांडला गेला. दोनच दिवस आधी इशान किशनने मुश्ताक अलीच्या फायनलमध्ये शतक मारून झारखंडला चॅम्पियन केलं होतं, स्पर्धेत ५१७ रन काढले होते. इशान आत आला, जितेश बाहेर.

हिशोब म्हणून यात चूक काढणं अवघड आहे. पण जितेशने खराब खेळून जागा गमावली नाही. दुसऱ्याच माणसाची जागा बदलली आणि याचं कामच टीमच्या रचनेतून निघून गेलं. ओपनर ६० बॉल खेळू शकतो, त्याच्याकडे आकडे जमा होतात, संकटात ते आकडे त्याच्या बाजूने बोलतात. दहा बॉलवाल्याच्या खात्यात असं काही साठतच नाही. दोन मॅच बॅटिंग नाही मिळाली, तर तो दोन मॅच खेळूनही न खेळल्यासारखा असतो. ज्या कामाने त्याला स्टार केलं, तेच काम त्याला सगळ्यात आधी बाजूला काढतं.

यातून घ्यायचं काय?

जितेश आता ३२ वर्षांचा आहे. देशांतर्गत क्रिकेटमध्ये २०२५-२६ च्या सीझनपासून तो विदर्भ सोडून बडोद्याकडून खेळतोय. आरसीबीने त्याला रिटेन केलंय. पुढं भारताची जर्सी किती वेळा मिळेल हे तोही सांगू शकणार नाही.

पण वऱ्हाडातल्या पोरांसाठी एक गोष्ट बदललीय. अमरावती, अकोला, मोर्शी, परतवाड्याच्या मैदानावर सहा नंबरला येऊन आडवेतिडवे फटके मारणाऱ्या पोट्ट्याला आजवर एकच सल्ला मिळायचा, 'नीट खेळ, टिकून खेळ.' कारण टिकून खेळणाऱ्यालाच जिल्ह्यातून नागपूरचं तिकीट मिळायचं. आता आयपीएल टीमचे लोक देशांतर्गत टी-ट्वेंटी मॅचना येऊन बसतात आणि ९१ बॉलमधले २१४ रन वहीत टिपून नेतात. लिलावाच्या टेबलवर त्या वहीला किंमत आहे.

निवड समित्यांच्या टेबलवर ती वही अजून पूर्ण पोहोचलेली नाही, हे डिसेंबरने दाखवून दिलं. रिद्धपूरच्या पोथ्यांची लिपी उलगडायला काही शतकं गेली. जितेशची उलगडायला आठ वर्षं गेली, तीही अर्धीच उलगडलीय. त्याच्यासारखाच एखादा पोरगा आज अमरावतीच्या नेटमध्ये दहा बॉलची प्रॅक्टिस करत असेल, तर त्याला किती वर्षं लागणार हा खरा प्रश्न आहे.